दहा गॉसच्या आत

मंगळवार, ता. ३

आज घरात आलेलं: तांब्याच्या तारेचं वेटोळं एक, काट्याची पेटी एक, जोडतार दहा हात; मिळून साडेनऊशे. सासूबाई एक, त्यांच्या ट्रंका दोन, उशी एक; हमाली बारा. कमरेचा पट्टा एक, एकशे चाळीस. हा 'साबण, सोडा व किरकोळ' खाली लिहिला आहे, कारण हिशेबाची वही हेही चाळतात.

गेल्या महिन्यात सासूबाईंच्या छातीत, डाव्या खांद्याखाली, हृदयाला ठोके देणारं यंत्र बसवलं. काडेपेटीएवढं आहे, कातडीखाली हाताला लागतं. इतके दिवस त्या भावजींकडे असत. पण भावजींचं दुकान रेडिओ आणि कर्णे दुरुस्तीचं, राहणं त्याच्याच माडीवर, आणि प्रत्येक कर्ण्याच्या बुडाला एक चुंबक. चुंबक छातीला लागून आला की यंत्र स्वतःची अक्कल सोडून एकाच ठेक्यावर चालू लागतं, मग धडधड, घेरी, आणि या वयात पडल्या तर पुन्हा उठायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. चुंबक हातभर लांब ठेवा म्हणाले. एवढंच. त्यांनी दिलेल्या कागदावर तळाशी बारीक अक्षरात 'क्षेत्र दहा गॉसच्या आत असावे' असं छापलेलं होतं; क्षेत्र म्हणजे चुंबकाचा जोर, गॉस हे त्याचं माप. तेवढंच नेमकं यांच्या डोळ्यांत भरलं.

हे वीज कार्यालयातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या घरचे मीटर खरे बोलतात की खोटे ते तपासलं. "हातभर म्हणजे कुणाचा हात?" म्हणाले. मोजल्याशिवाय काही कळत नसतं म्हणे. मी सुचवलं की घरात चुंबक असून असून असणार किती, गोळा करू आणि माळ्यावर टाकू. तर म्हणाले, तुला विज्ञानातलं काय कळतं. मॅट्रिकला मला विज्ञानात साठ होते. यांना किती होते ते मी कधी विचारलं नाही. संसार करायचा असतो.

पट्टा प्रार्थनेला येणाऱ्या शिवणवाल्या बाईंनी दिला. सासूबाईंना उठवायचं, बसवायचं, म्हणजे माझ्या कमरेचं काय होणार ते दिसतच होतं. पट्ट्यात काळे, चपटे खडे शिवलेले आहेत. त्यांत पृथ्वीच्या पोटातली शक्ती असते आणि ती दुखणं ओढून घेते, असं पत्रकात लिहिलं आहे. कपड्यांच्या आतून बांधला, बाहेरून कळत नाही. यांना सांगितलं असतं तर आधी हसले असते आणि मग किंमत विचारली असती. सकाळपासून हरवलेली सुई संध्याकाळी पट्ट्यालाच चिकटलेली सापडली. एकशे चाळीस वाया गेले नाहीत.

बुधवार, ता. ४

वेटोळ्याने घर मोजलं. पंख्याच्या बटणाजवळ काटा नाचला. मिक्सरजवळ इतका नाचला की मिक्सर न्हाणीघरात गेला. आता वाटण करायला बादलीशेजारी बसते. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आत चुंबकाची पकड आहे, 'खट' करून दार ओढून घेते, तिच्यापाशी मात्र काटा ढिम्म. यांनी 'सुरक्षित' म्हणून खडूने खूण केली.

मी विचारलं, जो चुंबक अख्खं दार धरून ठेवतो तो यात दिसत कसा नाही. मग म्हणाले, वेटोळ्याला फक्त बदलतं क्षेत्र कळतं. चुंबक एका जागी स्वस्थ बसला असेल तर वेटोळं हलवावं लागतं. मग कपाटासमोर उभे राहून पाऊण तास वेटोळं ओवाळत होते. कपाटाला इतका मान कुणी दिला नव्हता. काटा हलला, पण किती हलतो ते हे किती जोरात ओवाळतात त्यावर. खांदा भरला. शेक दिला.

शनिवार, ता. ७

सकाळी सासूबाईंची वेणी घालायला घेतली. त्या खाटेच्या कडेला बसतात, मी समोर उभी राहून पुढचे केस मागे घेते. मागे भिंत आहे, तिकडून हात पोचत नाही. भांग पाडेपर्यंत त्या पांढऱ्या पडल्या. माझा हात ढकलला. "सरक मागे. तू जवळ आलीस की मला गरगरतं," म्हणाल्या.

यात नवीन काही नाही. लग्नाच्या वर्षी माझ्या हातचं दूध नासतं म्हणाल्या होत्या. मग माझ्या पायगुणाने यांची बढती अडली. मधल्या काळात माझ्या आवाजाने त्यांचं कपाळ दुखायचं. आता गरगरतं. मी फणी ठेवली, पाणी दिलं आणि देवासमोर जाऊन बसले. देवाला म्हटलं, त्यांना बरं ठेव आणि मला उलट उत्तर सुचू देऊ नकोस. दुसरं जास्त कळकळीने म्हटलं.

यांनी भिंतीवर तक्ता लावला: वार, वेळ, घेरी.

रविवार, ता. ८

भावजी कांडी घेऊन आले. लांब दांडी, टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा चौकोन, त्यात सगळी अक्कल. याला हॉल प्रोब म्हणतात. कांडी ओळखीच्या दुकानातून भाड्याने आणली, भाडं दोघा भावांनी अर्धं अर्धं द्यायचं ठरलं. स्वस्थ बसलेला चुंबकही हिला कळतो, हलवावं लागत नाही, असं सांगताना भावजी माझ्याकडे बघत होते, पण ऐकवत यांना होते. यांनी चष्मा पुसला.

कांडीनं काम केलं, हे मी मान्य करते. कपाटाची पकड पकडली, टाचण्यांची डबी पकडली, माझा रेडिओही पकडला. रेडिओ शेजारच्यांकडे गेला. आता सकाळची प्रार्थना भिंतीला कान लावून ऐकते. फक्त टोक समोरासमोर धरावं लागतं. आडवं झालं की आकडा शून्य, उलटं झालं की उणे. भावजींनी तीन वेळा आडवं धरून घर चुंबकमुक्त जाहीर केलं.

सासूबाईंच्या खाटेवर काही नाही, असं दोघांनी लिहून काढलं. तेवढ्यात मी चहा घेऊन गेले आणि खाटेच्या आणि भावजींच्या मधून वाकून कप पुढे केले. काटा उडाला.

"वहिनी, जरा मागे व्हा." झाले. काटा बसला.

"आता या." आले. काटा उडाला.

मग ट्रे मोजला. बांगड्या मोजल्या, त्या काचेच्या. चमचे मोजले. दोघं भाऊ गंभीर झाले. शेवटी हे म्हणाले की तो दाणा उष्णतेला हळवा असतो, गरम झाला की आकडा सरकतो, तेव्हा हा दोष चहाच्या वाफेचा आहे. भावजींनी पुस्तिका उघडून दाखवली, तिच्यात तसं छापलेलंच होतं. मोजणी चालू असताना चहा बंद, असा ठराव झाला. दोघांनी कप मात्र संपवले.

बुधवार, ता. ११

सर्वांत कमी आकडा बोळकांडीत, म्हणून सासूबाईंची खाट तिथे गेली. एका बाजूला न्हाणीघर, दुसऱ्या बाजूला जोड्यांची फळी. अंगण दिसायचं ते गेलं. खाट अरुंद आहे, पाठ धरली आहे त्यांची, पण पाठीला गॉस नसतात म्हणून तक्त्यात ती येत नाही.

घेरी चालूच. यांनी आलेख काढला. घेरी सकाळी उठताना, वेणीच्या वेळी आणि संध्याकाळी अंथरुणावर नेताना येते. त्याच वेळी रस्त्यावरून दूधवाल्याची आणि कचऱ्याची गाडी जाते. लोखंडी गाडी म्हणजे क्षेत्रात बदल. हे दूधवाल्याला दुसऱ्या गल्लीतून जायला सांगून आले. त्याने काय उत्तर दिलं ते सांगितलं नाही, पण परतल्यावर कान लाल होते.

मी साखर सोडली आहे, सासूबाईंना उतार पडेपर्यंत. चहाबरोबर एक गोळी गुळाची घेते, त्याला देवाची हरकत नसावी.

गुरुवार, ता. १२

दोन्ही मुलगे समोर असताना सासूबाई म्हणाल्या, "हिला माझ्यापासून लांब ठेवा रे. हीच आली की होतं."

हे जमिनीकडे बघत राहिले. भावजी हसून म्हणाले, आई, आता तरी पुरे कर. दोघांपैकी एकालाही वाटलं नाही की आई सांगते ते तक्त्यात लिहावं. मलाही वाटलं नाही.

कणीक मळताना मनात आलं की लांबच राहते, उठवू देत मुलांनी, बघू किती दिवस उठवतात. मग त्याहून वाईट मनात आलं. ते इथे लिहीत नाही, ज्याने ऐकायचं त्याने ऐकलं आहे. संध्याकाळी मुद्दाम स्वतः गेले, दोन्ही हात काखेत घालून, पोटाशी घट्ट धरून त्यांना उभं केलं. प्रायश्चित्त म्हणून. त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली. डोळे फिरले होते. खाटेवर टेकवलं, वारा घातला, मग आल्या भानावर. म्हणाल्या, "मारतेस की काय." हळू म्हणाल्या, भांडायलासुद्धा जोर नव्हता.

मला भीती वाटली. इतक्या वर्षांत त्यांच्याविषयी पहिल्यांदा.

रविवार, ता. १५

जावई आले, त्यांच्या नोकरीवरचं यंत्र घेऊन. ते डोंगरात खनिज शोधणाऱ्यांत आहेत. त्यांच्या यंत्राचं नाव फ्लक्सगेट. काळं नळकांडं, आत लोखंडाचा गाभा. पृथ्वीचा चुंबकसुद्धा हे मोजतं. अर्धा गॉस. म्हणजे ज्या घरात दहा गॉस शोधायचे आहेत तिथे सोनाराचा काटा घेऊन पोतं तोलायला आले. पण जावई आहेत, आणि माझ्याशी अदबीनं वागतात, म्हणून मी काही बोलले नाही.

नळकांड्याला सगळंच दिसलं. छताच्या सळया, रस्त्यावरची सायकल, शेजाऱ्यांच्या लोखंडी कपाटाचं दार उघडलं ते. हे आणि भावजी प्रत्येक हालचालीला माना डोलावत होते. मग मी बोळकांडीत गेले आणि काटा टोकाला जाऊन अडकला. जावयांनी यंत्राला टिचकी मारली. मला बाहेर जायला सांगितलं, पुन्हा बोलावलं, पुन्हा पाठवलं. मुलगी दाखवायला आणल्यासारखी मी ये-जा करत होते आणि सासूबाई खाटेवरून टक लावून बघत होत्या.

जावयांनी विचारलं, अंगावर लोखंडाचं काही आहे का. किल्ल्यांचा जुडगा काढून दिला. काटा तिथेच. मग ते थोडे घुटमळले, कानापर्यंत लाल झाले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "आणखी काही? म्हणजे... आत वगैरे?"

आता जावयाला सासूने काय सांगायचं असतं, कपड्यांच्या आत काय बांधलं आहे ते? मी म्हटलं, काही नाही. खोटंही नाही ते, लोखंड नाहीच, खडे आहेत. चुंबक मला कळतो, शाळेत पाहिला आहे, लाल, घोड्याच्या नालासारखा. ते बिचारे सुटल्यासारखे झाले. यंत्र अगदी लहान क्षेत्राचं आहे, जरा जास्त झालं की गाभा तृप्त होतो आणि मग काही सांगत नाही, असं म्हणाले. जेवून तृप्त झालेले पुरुषही असेच असतात.

"मी म्हणत होते तेच म्हणतं की ते नळकांडं," सासूबाई म्हणाल्या. कुणी मान वर केली नाही.

मंगळवार, ता. १७

बैठक झाली. तिघं, कागद, पेन्सिल. कोणतं तंत्र घ्यावं यावर. हे म्हणतात वेटोळं, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही. भावजी म्हणतात कांडी, फक्त महागातली, उष्णता भरून काढणारी. जावई म्हणतात, आधी किती मोजायचंय ते ठरवा, मग यंत्र ठरेल. हे पहिलं शहाणं वाक्य. म्हणून दोघांनी त्यांना जावई असल्याची आठवण होईल असं पाहिलं. मग कुणीतरी चौथं यंत्र काढलं. त्यात पाण्याची बाटली असते, पाण्याचे सूक्ष्म कण चुंबकाभोवती डुलतात आणि ते डुलणं मोजून आकडा मिळतो, सगळ्यांत अचूक. हे ठेव मोडायला निघाले. ती ठेव छप्पर गळेल त्या दिवसासाठी आहे.

मी आणि सासूबाई बोळकांडीतून ऐकत होतो. मी जोड्यांच्या फळीशेजारी पाटावर बसले होते, लांबच. सासूबाई म्हणाल्या, "लहानपणी या दोघांना बाटलीभर पाणी आणि चमचा दिला की दुपार जायची. तेच आहेत अजून." मला हसू फुटलं. त्याही हसल्या. आम्ही दोघी एका गोष्टीला हसलो असं पूर्वी झालं असेल तर मला आठवत नाही.

हसता हसता मी उठून त्यांना पाणी द्यायला वाकले. त्या उभ्या राहायला माझ्या पदराला धरून पुढे झुकल्या आणि तशाच खाली गेल्या. कपाळ फळीच्या कडेवर आपटलं. रक्त माझ्या हातावर आलं. तिघं पळत आले, तिघांच्या हातात तीन यंत्रं.

डॉक्टर आले. टाका घातला. यंत्र तपासलं, ते नवं कोरं आहे, काही दोष नाही म्हणाले. विचारलं, हे होतं तेव्हा आजींजवळ काय असतं? यांनी आलेख पुढे केला. डॉक्टरांनी तो उलट धरला, सुलट धरला, परत दिला. "मी कागदाचं नाही विचारलं." पुन्हा असं पडणं झालं तर मला कशाला, कुणालाच बोलवावं लागणार नाही, असं दाराशी मला म्हणाले. सोडायला मीच गेले होते, बाकीचे वाफेचं बोलत होते.

गुरुवार, ता. १९

सासूबाईंची पाठ फार दुखते. खाट अरुंद, त्यात पडल्या. इतक्या माणसांनी घराचा कोपरा न् कोपरा मोजला, त्यांच्या पाठीवर हात कुणी ठेवला नाही. मला पट्ट्याने पहिल्या दिवसापासून गुण आहे. मी माझी कंबर झाकून बसले आहे आणि त्या कण्हतात. लाज वाटली. पट्टा त्यांना पुरेल का ते बघायला सकाळी सोडला, टेपने मापला आणि माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवला. त्यांचं दुखणं पाठीत वर आहे, पट्टा उरावरून घ्यावा लागेल, आणि त्यांचा ऊर माझ्या कमरेहून भरलेला आहे, पुरायचा नाही. नवा मागवावा लागेल.

मग वेणी घालायला गेले. त्यांनी डोळे मिटून घेतले, मार खायला तयार असल्यासारखे. भांग पाडला, तेल लावलं, वेणी पुरी झाली. काही झालं नाही.

"आज तुझा हात हलका आहे," म्हणाल्या.

मी फणीतले केस काढले. म्हटलं, हात तोच आहे, आई.

"मग मीच हलकी झाले असेन." आणि मला आपल्या शेजारी खाटेवर बसवलं. मी नवी होते तेव्हा दूध माझ्यामुळे नासत नव्हतं, पातेलं धुतलेलं नसायचं आणि ते त्यांचंच काम होतं, असं त्यांनी सांगितलं. सहज सांगितलं, माफी वगैरे नाही. मीही सहज ऐकलं.

रविवार, ता. २२

गुरुवारपासून एकही घेरी नाही. हे म्हणतात, दूधवाल्याने गल्ली बदलली म्हणून. भावजी म्हणतात, कपाटाची पकड काढली म्हणून. जावई काही म्हणत नाहीत, पण मी बोळकांडीत शिरले तेव्हा काटा जागेवर राहिला आणि त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पटकन नळकांडं पिशवीत घातलं. नोकरीवरचं आहे, परत द्यायचं होतं. यांनी तक्त्याखाली 'सिद्ध' लिहून सही केली, भावजींनीही केली. ठेव अजून मोडलेली नाही. सासूबाईंची खाट पुन्हा अंगणाकडे नेली, ती मी नेली.

मला कारण ठाऊक आहे. आपली सोय दुसऱ्याला द्यायचं मनात आणलं त्याच दिवशी उतार पडला. देव उगाच काही करत नाही. साखर सुरू केली.

सोमवार, ता. २३

पट्टेवाल्यांना पाठवलेल्या पत्राची नक्कल:

'सा. न. वि. वि. आपला कमरेचा पट्टा मी वापरला, चांगला गुण आला. तसाच एक पट्टा माझ्या सासूबाईंसाठी हवा आहे, मोठ्या मापाचा. त्यांचं दुखणं पाठीच्या वरच्या भागात आहे, तेव्हा तो काखेखालून, उरावरून बांधावा लागेल. खडे जास्त घालता आले तर घालावेत, फरकाचे पैसे देईन. त्यांच्या छातीत डाव्या बाजूला ठोक्यांचं यंत्र बसवलेलं आहे. आपल्या पत्रकात "सर्व वयाच्या स्त्रीपुरुषांस, कोणत्याही विकारात" असं छापलं आहे, तरी त्या यंत्रावरून पट्टा बांधला तर चालतो ना, एवढं विचारून घेते. आमच्या घरी मोजायची तीन यंत्रं येऊन गेली, पण हे त्यांतल्या एकालाही विचारता आलं नाही. त्या नुकत्याच बऱ्या होत आहेत आणि आमचं आता कुठे जमू लागलं आहे, म्हणून घाई. त्यांना नाही आणि मी बांधते हे बरं दिसत नाही, तेव्हा आपलं उत्तर येईपर्यंत माझाही पट्टा ट्रंकेतच राहील. कंबर पुन्हा धरली आहे. तरी कृपा करून उलट टपाली कळवावे.'